तटाखालून येणारा खोकला

ही गोष्ट माझी नाही, बाओशानची. वीटभट्टीवर आम्ही बरोबर होतो. थापा मारायला बोलता यावं लागतं. त्याला तेही धड येत नसे. तेव्हा पोरांनो, हसायचं ते आत्ताच हसून घ्या.

गेल्या वर्षीची, दहाव्या महिन्याच्या पहिल्या तिथीची रात्र. पितरांसाठी कागदाचे गरम कपडे जाळतो ना आपण, तीच. जाळून झाल्यावर बाओशानने धाकट्या भावाला, लायशुनला, तळघरातून कोबी आणायला धाडलं. मीच का नेहमी, म्हणून तो कुरकुरला, पण गेला. त्यांचं तळघर जुन्या शहराचा मातीचा तट पोखरून केलेलं, आपल्या सगळ्यांसारखंच. तो आत असतानाच छत बसलं.

शेजारी धावले. खणावं तितकी माती खाली येई. खणायचं मशीन सकाळशिवाय येणार नव्हतं, आणि लायशुन नेमका कुठे गाडला गेलाय तेच कळेना.

तेव्हा बाओशानला आजोबांचं बोलणं आठवलं. वेढा पडला की तटावरचे लोक जमिनीत रांजण पुरत, तोंडावर कातडं ताणून कान लावत. शत्रू कुठून भुयार खणतोय ते ऐकू येई. मग तिथे भोक पाडून मोहरी आणि दवणा जाळायचा, भात्याने धूर आत सोडायचा. किती गुदमरून मेले, कोणी मोजलं नाही. शाळेत आम्ही हे छाती फुगवून सांगायचो.

बाओशानने आंबवलेल्या कोबीचा रांजण रिकामा केला, पुरला, वर रेक्झीन ताणलं. कान लावला.

ठक… ठक…

भाऊ जिवंत होता.

पण लायशुनकडे फावडं नव्हतं. आणि तो आवाज एकाचा नव्हता. पुष्कळ जण होते. संथ. दमलेले. मधेच खोकत होते. सगळेच.

शेजारच्या मावशीनेही कान लावला. ती हळूच म्हणाली, "तिकडे खणू नकोस. त्यांना आपण मारलंय."

"माझा भाऊ तिकडेच आहे, मावशी."

तो खणत राहिला. पलीकडचा आवाज जवळ आला. अगदी जवळ.

थांबला.

फावडं आरपार गेलं. नाकात मोहरीची झणझण. टॉर्च मारला. काजळलेल्या भिंती. लायशुन कुशीवर, नीट निजवलेला. दुसरं कोणी नाही.

बाहेर काढल्यावर तो पुटपुटला.

"दादा, त्यांनी एकच विचारलं. शहर पडलं का… आता घरी जाऊ का?"

"तू काय म्हणालास?"

"…जा म्हटलं."

त्याच्या नाकातोंडावर फडकं बांधलेलं होतं. धुरात जीव तगावा म्हणून बांधतात तसं, व्हिनेगरमध्ये भिजवून. जाड तागाचं. बाओशानने गाठ सोडली. आतल्या बाजूला काजळीत ओठांचा ठसा होता.

लायशुनच्या तोंडाला काजळी नव्हती.