चौदा किलोमीटर

मोटरसायकल ठेवायची म्हणजे नुसती भिंतीला टेकवून वर पोतं टाकायचं नसतं. डिंभ्याच्या गेणभाऊ मिस्तरीला हे सांगायला फार आवडायचं, आणि ऐकायला माणूस नसला तर तो गाडीलाच सांगायचा. टाकी रिकामी करायची. कार्बोरेटरमधला शेवटचा थेंबही काढायचा, नाहीतर पेट्रोल आटून त्याचा डिंक होतो. प्लग काढून भोकातून चमचाभर ऑइल सोडायचं आणि किक हलक्या हातानं दोनदा दाबायची. चेनला ग्रीस लावायचं, बॅटरी घरात न्यायची. गाडी डबल स्टँडवर घेऊन इंजिनाखाली ओंडका द्यायचा, म्हणजे दोन्ही चाकं अधांतरी राहतात. सायलेन्सरच्या तोंडात फडक्याचा बोळा कोंबायचा, कारण उंदरासारखा बेरकी भाडेकरू दुसरा नाही.

"गाडी झोपवायची आसती," तो म्हणायचा, "मारायची नसती."

२००१ च्या दिवाळीनंतर त्यानं जानकूची गाडी अशीच झोपवली. 

जानकू कालव्यावर चौकीदार होता. गाडी शंभर सीसीची, काळी, बारकीशी, टाकीवर लाल पट्टा. गुरुवारी त्याला सुट्टी, आणि गुरुवार म्हणजे आई. साळुबाई धरणाच्या पलीकडे उंबरवाडीत एकटी राहायची. पाणी चढायच्या आधी नदीच्या अंगानं डांबरी रस्ता होता आणि उंबरवाडी इथून सात किलोमीटर होती. धरण भरलं, रस्ता तळाला गेला, आणि तीच उंबरवाडी वळसा घालून सत्तावीस किलोमीटर झाली. वाडीतली निम्मी घरं उठली, पण म्हातारी हलली नाही. जानकूनंही एक गुरुवार चुकवला नाही.

त्या वर्षी खंडेनवमी गुरुवारी आली. सकाळी सांगावा आला की म्हातारी तापानं फणफणलीय. जानकू निघाला आणि चौकातच गाडीची क्लच वायर तुटली. तो गाडी ढकलत गेणभाऊच्या गॅरेजवर आला. गेणभाऊनं पाटावर पाने, पकडी, हातोड्या ओळीनं मांडल्या होत्या आणि तो त्यांना हळदकुंकू वाहत होता. झेंडूच्या माळा तयार होत्या. खंडेनवमीला हत्यारं पूजेला बसतात. एकदा बसली की दुसऱ्या दिवशी दसऱ्याला उठवायची, मधे कुणी हात लावायचा नाही.

"दहा मिन्टाचं काम हाय, भाऊ," जानकू म्हणाला.

"दहाचं आसू दे न्हाईतर दोनाचं. माझ्या बापानं ह्या दिशी कधी पाना उचलला न्हाई. उद्या सोनं वाटायच्या आदी तुझी वायर, मग तर झालं?"

जानकू हसला. त्याला राग येत नसे, हीच त्याची खोड. "एस्टीचा काय भरवसा न्हाई. होडीनं जातो मग," म्हणाला. गाडी तिथंच लावून पाण्याकडे गेला. दुपारी वारा सुटला, मधोमध होडी कलंडली. जानकू तिसऱ्या दिवशी सापडला.

कुणी गेणभाऊला बोल लावला नाही. जानकूची बायको अंजना दिवाळी झाल्यावर आली, तिनंही लावला नाही, आणि तेच त्याला जास्त लागलं. "भाऊ, गाडी घरात आणली तर मला बघवायची न्हाई. पर विकायची बी न्हाई. लेक तेजस्विनी मोठी झाल्यावर तिला पायजे आसंल. तवर संबाळा."

गेणभाऊनं आधी नवी क्लच वायर बसवली. दहा मिनिटं लागली. खरोखर दहाच. मग त्यानं गाडी मागच्या खोलीत झोपवली, वर ताडपत्री टाकली, मीटरचा आकडा खडूनं भिंतीवर लिहिला, ३८४१२, आणि कुलपाची किल्ली करगोट्याला अडकवली. दर शुक्रवारी सकाळी खोली उघडायची, चाकं हातानं थोडी फिरवायची, पुसायची, पुन्हा बंद. देवपूजा चुकली असती पण हे चुकलं नाही.

संक्रांतीनंतरच्या शुक्रवारी मीटर ३८४२६ दाखवत होतं.

चष्मा लागलाय आपल्याला, गेणभाऊ स्वतःवरच करवादला, भिंतीवरचं पुसून नवा आकडा लिहिला. पुढच्या शुक्रवारी ३८४४०. मग मात्र तो स्टुलावर बसला आणि हिशेब मांडला. मीटरची केबल पुढच्या चाकाला असते. चौदा किलोमीटर व्हायला ते चाक आठ हजारांच्या आसपास वेळा फिरायला हवं. आपण फिरवतो ते दहा वेळा. टाकी कोरडी ठाक. प्लग काढून डबीत ठेवलेला. कुलूप शाबूत.

त्याहून पुढच्या शुक्रवारी ताडपत्री गाडीवर नव्हती. चौघडी घालून बाजूला ठेवलेली होती, कडा कडेला जुळवून. जानकू रेनकोटची अशीच घडी घालायचा. सायलेन्सरमधला बोळा सीटवर होता. टायरच्या नक्षीत काळा, ओला गाळ होता, आणि त्या गाळात नखाएवढा शिंपला. खोलीत पाण्याच्या तळाचा वास येत होता. आदल्या दिवशी गेणभाऊ दिवसभर भिंतीच्या अलीकडे ट्रॅक्टरचा पंप खोलून बसला होता. त्यानं काहीही ऐकलं नव्हतं.

भुताखेतावर त्याचा काडीचा विश्वास नव्हता. कुणीतरी आपली टिंगल करतंय, असं त्यानं ठरवलं. एका गुरुवारी तो सकाळपासून आत गाडीसमोर बसून राहिला. काही झालं नाही, आकडा हलला नाही. "बघ, धरला का न्हाई चोर!" म्हणून तो खूश झाला. पण दर गुरुवारी कोण बसणार? होळी झाल्यावर त्यानं सरळ गाडीचं पुढचं चाक काढलं आणि खिळ्याला टांगलं. आता फिरव म्हणावं!

तीन शुक्रवार आकडा जागचा हलला नाही. बोळा जागच्या जागी, ताडपत्री जागच्या जागी. गेणभाऊची झोप सुधारली.

चौथ्या आठवड्यात अंजना आली. चेहरा उतरलेला. "सासूबाय जेवंना झाल्यात. कुणाचं ऐकत न्हाईत. मिस्तरीला घिऊन ये म्हणत्यात. तुमी याल का?"

"मी? मी काय डॉक्टर हाय?"

"त्येच म्या म्हणलं. तर म्हणाल्या, त्यालाच आण."

जीपनं वळसा घालून दोघं उंबरवाडीला गेली. साळुबाई उंबऱ्यावर बसली होती, वाळल्या काटकीसारखी. अंगणासमोरून जुना डांबरी रस्ता उतरत जात होता आणि थेट पाण्यात शिरत होता. उन्हाळ्यानं पाणी थोडं मागं हटलं होतं, कडेला गाळ उघडा पडला होता. त्या गाळातून एका टायरची रेघ पाण्यातून वर आली होती आणि अंगणाच्या तोंडाशी वळून परत पाण्यात गेली होती. रेघ वाळून कडक झालेली, तीनेक आठवड्यांची असावी. नक्षी गेणभाऊच्या ओळखीची होती. तो टायर त्यानंच बसवला होता.

"बस बाबा," म्हातारी म्हणाली. "मला खूळ लागलं न्हाई, आदी सांगते. पोराचं दहावं माझ्या डोळ्यांदेखत झालं."

"मग?"

"संक्रातीपासनं गुरवारी दुपारचा हॉर्न वाजतो. दोनदा. त्याचा तसाच व्हता. मधी येक गुरवार चुकला. आता तीन झालं, लगोलग." ती थांबली. "तू मिस्तरी ना? गाडीला काय झालंय का त्याच्या?"

 अंजना पदराचं टोक चावत खाली बघत होती. खोटं सांगता आलं असतं, पण त्या डोळ्यांपुढं जमेना.

"फुडलं चाक काडलंय म्या."

"का रं?"

"मावशे... त्यो तुला दिसतो का?"

"दिसायला कशाला पायजे? हॉर्न वाजला की मी भाकर टाकते. त्याच्यासाटी टाकते म्हणून माझ्या बी पोटात जाती. न्हाईतर येकटीसाटी कोण चूल पेटवतंय?" तिनं आपला हाडकुळा हात त्याच्या गुडघ्यावर ठेवला. "बसव की चाक. तुजं काय जातंय?"

त्याच संध्याकाळी त्यानं चाक बसवलं. बेअरिंग धुऊन नवं ग्रीस भरलं. प्लग लावला, टाकीत अर्धा लिटर पेट्रोल ओतलं. कशासाठी, हे स्वतःलाही विचारलं नाही. शुक्रवारी मीटर चौदानं पुढं गेलं होतं. पेट्रोल काठीनं मोजलं तर अर्धा लिटर तसंच. दोन दिवसांनी अंजनाचा निरोप आला की सासूबाई दोन भाकरी जेवल्या. गेणभाऊ मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारून आला आणि बायकोला म्हणाला, डोळ्यांत ग्रीस गेलं.

मग तो त्या गाडीचं चालत्या गाडीसारखं करू लागला. चेन ताणली, ब्रेक लावून पाहिले, दर शुक्रवारी गाळ धुतला. पावसाळ्यात हेडलाइटमध्ये पाणी साचलेलं असायचं, ते पुसून काढलं. गुरुवारी तो त्या खोलीकडे चुकूनही बघत नसे. बघणाऱ्यासमोर ती जात नाही, एवढं त्याला कळलं होतं.

पुढच्या वर्षीची खंडेनवमी सोमवारी आली. सकाळी गेणभाऊनं पाट मांडला, हत्यारं ओळीनं लावली, हळदकुंकू वाहिलं. गेल्या वर्षीचं आठवलं. जानकूच्या गाडीलाही झेंडूची माळ घालावी म्हणून त्यानं मागची खोली उघडली.

सोमवार होता. तरी ताडपत्रीची घडी घातलेली होती. बोळा सीटवर होता.

मीटर शुक्रवारचंच. टायर कोरडे. गाडी कुठं गेलेली नव्हती. निघायच्या बेतात होती.

आणि क्लच वायर तुटून लोंबत होती. त्यानं बसवलेली, अकरा महिन्यांची, कोरी वायर. दांडीपाशी तुटलेली. गेल्या वर्षी तुटली होती तिथंच.

गेणभाऊनं तुटलेलं टोक बोटांत धरून पाहिलं. मग बाहेर आला, पाटासमोर बसला, आणि ओळीतला दहा नंबरचा पाना उचलला. माळ सरकून फुलं खाली पडली.

सरूबाई, त्याची बायको, आरतीचं ताट घेऊन दारात आली ती तिथंच थबकली. "आवो! आज? आज हत्यार उचलत्यात व्हय?"

"गेल्या साली म्या बी हेच म्हणलं," गेणभाऊ म्हणाला. "जा तू आत."

नवी वायर घातली. पकडीला, पान्याला, बोटांना हळद लागलेली. क्लचच्या दांडीवर त्याच्या बोटांचे पिवळे ठसे उठले. पुसायला वेळ काढला नाही.

दहा मिनिटं लागली.

"जा बाबा," तो गाडीला म्हणाला. बाहेर आला, कुलूप लावलं, आणि घराच्या ओट्यावर पाठ करून बसला. चहा समोर निवून गेला. गाडीचा आवाज आला नाही. कसलाच आला नाही.

दोन वाजता त्यानं कुलूप काढलं.

गाडी जागेवर होती. सायलेन्सरजवळ हात नेला तर धग लागली. टायरमधून पाणी ठिबकत होतं. मीटर चौदानं पुढं.

मागचा डाव्या बाजूचा फूटरेस्ट उघडून खाली केलेला होता. लुगड्यातली बाई एका अंगानं बसली की पाय ठेवते, तो. तो गंजून कधीचा ढिला झाला होता, म्हणून गेणभाऊनं वर तारेनं बांधून ठेवला होता. तार सोडवून, गुंडाळून, बोळ्याशेजारी ठेवलेली होती.

दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, अंजना उंबरवाडीहून सामान न्यायला डिंभ्यात आली. गॅरेजच्या दारात थांबली. रडून डोळे सुजलेले, पण बोलणं शांत होतं.

"सासूबाय गेल्या, भाऊ. काल दुपारी. ताप न्हाई, काय न्हाई. शेजारच्यांनी हॉर्न ऐकला म्हणं. त्यांनी बी ऐकला ह्या बारीला. उंबऱ्यावर बसल्या बसल्या गेल्या. ठेवणीतलं लुगडं नेसून, चपला घालून."

गेणभाऊनं मान हलवली.

"येक इचारू?" ती म्हणाली. "आंघुळ घालताना बघितलं म्या. मनगटाला हळद व्हती. चार बोटं आन् अंगठा. धरून उटवावं तशी. आमच्यात तिकडं पूजा कुणीच केली न्हवती."

गेणभाऊ मागच्या खोलीत गेला. क्लचच्या दांडीवर हात फिरवला. दांडी स्वच्छ होती.