पहिल्या उत्तराची वाट

मुलुंडच्या एका लहानशा कंपनीत गंधाली शववाहिनी मागवायचं ॲप लिहीत होती. काम सरळ होतं. सर्व्हरने एकामागून एक तीन प्रश्न विचारायचे. आधी हॉस्पिटलकडून मृत्यूच्या नोंदीचा नंबर घ्यायचा, त्या नंबरावर स्मशानाचा पास आणि त्या पासावर गाडी. आधीचं उत्तर आल्याशिवाय पुढचा प्रश्न जाता कामा नये, एवढीच अट.

टेस्टिंगला एक नाव हवं होतं. तिने घाईघाईत बाबांचंच टाकलं. श्यामसुंदर, वय एकाहत्तर, पत्ता घरचा. या प्रोग्रॅमर मंडळींना ही एक वाईट खोड असते. जन्मतारीख पाठ असते ना, मग घरच्यांनाच कामाला लावायचं!

"अगं, दुसरं कुणी नाही मिळालं?" शेजारी बसणारा सुयोग म्हणाला.

"टेस्टिंग आहे रे. माझ्याच लॅपटॉपवर चालतंय, बाहेर कुठे जात नाही."

दुपारी चार वाजता तिने ते चालवलं.

सगळ्यात आधी तिसरं उत्तर आलं. गाडी निघाली, ड्रायव्हर खंडू. मग दुसरं आलं. पास मंजूर, आणि त्यावर मृत्यूच्या नोंदीचा नंबरही छापलेला. पहिला प्रश्न मात्र तसाच लटकलेला.

"थांबायची सूचना लिहायला विसरलीस," सुयोग म्हणाला.

"लिहिलीय, हे बघ. आणि विसरले असते तरी... जो नंबर अजून आलाच नाही, तो पासावर कुठून आला?"

तिने घरी फोन लावला. बाबांनीच उचलला.

"अगं, खाली शववाहिनी आलीय. आपल्या बिल्डिंगमधलं कोण गेलं गं?"

प्रोग्रॅम बंद करायला गंधाली धावली, तर सुयोगने तिचा हात धरला. "नको... बंद केलंस आणि त्या प्रश्नाचा निकाल लागला तर?"

मग तिने तो प्रश्न लटकलेलाच ठेवला. लॅपटॉप चालू ठेवून घरी आणला, चार्जरला लावला आणि त्याला कुणाला हात लावू दिला नाही.

नऊ दिवस गेले. बाबा होते. चहा मागायचे, पण पीत नसत. झोपत नसत. डॉक्टरांचं बीपीचं मशीन बाबांच्या दंडावर काहीच दाखवेना, तेव्हा मशीनच बिघडलंय म्हणून डॉक्टर निघून गेले. रोज सकाळी बाबांच्या उशीवर कापसाचे दोन बोळे सापडायचे. गंधाली ते गुपचूप टाकून द्यायची. बाबांशिवाय तिला दुसरं कुणी नव्हतं. काहीही झालं तरी ती त्यांना जाऊ देणार नव्हती.

गाडी मात्र खालीच उभी होती. शेवटी ती तणतणत खाली उतरली.

"खंडू तुम्हीच ना? जा इथून. तो नंबर कधीच येणार नाही. मी बाबांना खाली आणू देणार नाही."

खंडू नम्रपणे उठून उभा राहिला. "खाली कुणाला आणायचंय, ताई?" तो हळू आवाजात म्हणाला. "ते तर पहिल्याच दिवशी येऊन बसलेत. नंबर आला की निघू."

त्याने मागचं दार उघडलं. आत, घरच्याच सदऱ्यात, गुडघे पोटाशी घेऊन बाबा बसले होते.

तेवढ्यात वरून, खिडकीतून, हाक आली. आवाज हुबेहूब त्यांचाच.

"गंधाली... वर ये ना. चहा टाक."

गाडीतल्या बाबांनी तिचा हात घट्ट धरला आणि नको, नको अशी मान हलवली.