चौथा ठोका

शाळेच्या व्हरांड्याच्या वळणावर तो समोरून आला, मी धडकले, आणि माझ्या बादलीतली ओली माती त्याच्या पांढऱ्या शर्टावर!

"अगं बाई... सॉरी हं, सर—"

"राहू द्या. गणिताच्या मॅडमना माती कशाला लागते, तेवढं सांगा." हा शेजारच्या वर्गातला नवा संगीतशिक्षक.

"प्रत्येक मुलाची हुशारी वेगळी असते. कुणाला हाताने घडवलं की कळतं, कुणाला तालातून, कुणाला गोष्टीतून. मी तसे गट पाडलेत."

"मग मी कुठल्या गटात?"

"तालाच्या. बोलण्यात तुम्ही अगदीच ढ!"

"आणि तुम्ही?"

"शब्दांच्या. माझं तोंड बंद असतं का कधी?"

तेव्हापासून रोज तो माझ्या तालाच्या गटासाठी त्याचा ढोल द्यायला यायचा... आणि दारात उगाच रेंगाळायचा. मला ते आवडायचं. फार आवडायचं.

मग एक दिवस मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी बोलावलं. "वर्गात नुसता गोंगाट! सोमवारी मी तास बघणार. मुलांना अपूर्णांक आले नाहीत, तर पुढच्या महिन्यापासून येऊ नका."

माझी पाचावर धारण बसली. नोकरी जाईलच, आणि ते रेंगाळणंही जाईल... दोन रात्री डोळ्याला डोळा नाही.

सोमवारी मोठ्या बाई मागच्या बाकावर बसल्या. घाईघाईत मी सामान वाटलं आणि काळजात धस्स झालं. ढोल मातीच्या गटाकडे, माती तालाच्या गटाकडे! मोठ्या बाईंचं पेन चालू झालं होतं.

तालाच्या गटातली, दिवसभर गुणगुणणारी आमची चिमणी मातीच्या गोळ्याकडे बघत राहिली. "बाई, हे आमचं नाही."

"असू दे... करून बघ," मी कशीबशी म्हणाले.

तिने गोळ्याचे चार सारखे भाग केले. एक बाजूला सारला. उरलेल्यांवर थापा मारल्या— धप, धप, धप. मग हात वरच थांबला.

"पाऊण, बाई! चौथा गप्प बसलाय!"

सगळा वर्ग बाकं वाजवू लागला. मी डोळे मिटून घेतले. आता संपलंच!

"थांबा," मोठ्या बाई म्हणाल्या. "पुन्हा वाजव गं." आणि जाताना मला, "ही मुलगी फक्त तालाची, असं कुणी ठरवलं? गट बदलत जा. पुढच्या महिन्यात पुन्हा बघेन."

पुढच्या महिन्यात! माझा जीव भांड्यात पडला.

मुलं सुटली. दारात तो, माझ्याहून पांढराफटक.

"तुम्ही गेला असता तर... मी ढोल कुणाला..."

"एवढंच?"

"नाही. तुम्ही मला आवडता. खूप. बोलायची भीती वाटते हो... पण आवडता."

आणि मी, शब्दांच्या गटातली, माझ्या तोंडून अक्षर फुटेना! त्याचा चेहरा उतरत चालला. मी घाबरून टेबलावरच्या ढोलावर हात टेकला. धप, धप, धप... आणि थांबले.

तो जवळ आला. चौथा ठोका त्याने दिला, आणि हात माझ्या हातावरच राहू दिला.