सुप्रियाताईचं लॉगिन

त्या दिवशीचं काम साधंच होतं. खालापूरच्या आमच्या धर्मादाय दवाखान्याचा सर्व्हर रोज दिवेलागणीला धापा टाकायचा, त्याचं कारण शोधायचं. खोलीत शिरलो आणि आवळासुपारीचा वास आला.

सुप्रियाताई चघळायची ती. पोशीर, कळंबच्या शिबिरांतून फिरून रक्तदात्यांचं एकेक नाव तिनेच संगणकावर चढवलं होतं. मलाही तिनेच शिकवलं. "घाई नको रं, त्यालाबी दम लागतो," म्हणायची. तिला जाऊन वर्ष व्हायचं होतं.

पडद्यावर एकच शोध सगळा प्रोसेसर खात होता. लॉगिन: सुप्रिया.

"बंदच करतो हे."

"वर्षश्राद्ध होऊ दे रं," इंदूबाई आया दारातूनच म्हणाली. "तिची खुर्ची तरी आमी हलवली का?"

असल्या भाबडेपणाची मला चीड येते. पण खुर्चीकडे पाहिलं आणि मन धजेना. लॉगिन ठेवलं, फक्त मर्यादा घातली: या नावाला प्रोसेसरचा पाच टक्क्यांहून जास्त वाटा नाही. पंख्यांची घरघर खाली आली. आणि माझ्यामागे कोणीतरी... अडकल्यासारखा श्वास घेतला.

तेवढ्यात पाड्यावरच्या हिरूला आणलं. बाळंत झाली होती, रक्त थांबत नव्हतं. ओ निगेटिव्ह हवं होतं, रक्तपेढीत एकही पिशवी नव्हती. मी दाते शोधले. झटकन उत्तर आलं: कोणी नाही.

"साईराज... ती काय शोधत व्हती, बघ ना," इंदूबाई कुजबुजली.

मी ताईचा शोध उघडला. ओ निगेटिव्ह. हिरूला कळा यायच्या आधीपासून. माझा शोध सध्याच्या दात्यांच्या यादीपुरता होता. ताईचा जुन्या शिबिरांची प्रत्येक नोंद चाळत होता.

मी मर्यादा काढली. "घे ताई... सगळा घे."

पंखे गरजले. दिवे मंदावले. वास इतका दाटला की डोळे भरून आले. मग एक नाव उमटलं: नाझिया, मोहोपाडा. फोन केला, ती तासाभरात पोहोचली. हिरू वाचली.

काल वर्षश्राद्ध झालं. लॉगिन बंद करायचं कोणी नाव काढलं नाही. आज दिवेलागणीला ताईचा शोध पुन्हा सुरू झालाय.

"आता कोणाला लागतंय रं? वॉर्ड तर रिकामा हाय."

"एबी निगेटिव्ह," मी वाचलं.

इंदूबाईने माझ्या गळ्यातलं ओळखपत्र उलटं केलं, मागे छापलेला रक्तगट पाहिला... आणि माझा हात घट्ट धरला.