शेवंताबाईची खोली

या, बसा जवळ. मोबाइल ठेवा खिशात. परवाच्या नाही, त्याच्या आधीच्या सर्वपित्री अमावास्येची रात्र. हेमकांतला मी लहानपणापासून ओळखतो. माणूस म्हणायचं, एवढंच. धुळ्यात जुन्या गिरणीमागे कामगारांसाठी बांधलेली लाल विटांची वसाहत आहे, तिथल्याच एका खोलीत तो जन्मला, आणि ठेकेदार झाल्यावर तीच पाडायला निघाला. जुनी पक्की वीट बाजारात चढ्या भावाने जाते ना! तिथे राहणाऱ्यांना तो उंदीर म्हणायचा.

उंदीर एकेक करून गेले. शेजारची शेवंताबाई तेवढी हलेना. आई कामावर गेली की हेमकांतला तिनेच भरवलेलं. याने काय करावं? भर पावसाळ्यात तिच्या डोक्यावरची कौलं उतरवली. म्हातारी तापाने फणफणली आणि गेली. हा मातीलासुद्धा आला नाही. खोली रिकामी झाली म्हणून पेढे वाटले म्हणे.

त्या रात्री कोणी विटा चोरत नाही ना, हे बघायला तो गाडी घेऊन गेला. पाऊस धो धो. रखवालदार जीवराम म्हणाला, सकाळी बघा. हेमकांतने त्याला भित्रा म्हणून हिणवलं आणि एकटाच आत शिरला.

शेवंताबाईच्या खोलीत उजेड दिसला. कोणीतरी घुसलंय, म्हणून त्याने दाराला लाथ घातली. आत चूल पेटलेली. माणूस नाही.

"हेमू, मजार ये. पानी पडी ऱ्हायनं."

आत ये म्हणणारा शेवंताबाईचा आवाज, अगदी कानाशी. तो हसला.

"मेली तरी खोली सोडत नाही," म्हणाला, आणि उंबऱ्यात पचकन थुंकून आत गेला.

मग लक्षात आलं. खोलीला छप्पर नाही. बाहेर पाऊस... आणि आत एक थेंब नाही. जमीन कोरडी.

त्याने वर पाहिलं.

इथवर त्याने मला सांगितलं. पुढचं... नाही. ठेका त्याने सोडला. आता घरातही कोणाशी बोलत नाही.

बाकीचं जीवरामने सांगितलं. हेमकांत धावत आला, गाडीत बसला, गेला. पाऊस थांबला होता. जीवरामने बॅटरी मारली. चिखलात हेमकांतच्या बुटांचे ठसे. त्यांच्या शेजारी अनवाणी पावलं... लहानशी, बाईची. गाडी उभी होती तिथपर्यंत. मागच्या दाराशी.

तिथून परत फिरलेलं एकही नव्हतं.