गच्चीवरचा माणूस

ही गोष्ट खरी आहे. हवं तर अमेरिकेत मिलवॉकीला जाऊन बर्निस वोयतकला विचारा. आधी विषय टाळेल, मग रडेल.

सन १९७८. जानेवारीतला शनिवार, तोही भर दुपारचा. भुताला रात्रच लागते म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

बर्निसचा धाकटा भाऊ लेनी बोलायला कमी, पण नजर विलक्षण. नावाजलेली इमारत पाच मिनिटं बघायची आणि घरी येऊन आठवणीतून खिडकीन् खिडकी कागदावर उतरवायची. एक वीट चुकायची नाही.

चर्चच्या कॅलेंडरसाठी त्या दिवशी घड्याळाचा जुना मनोरा काढायचा होता. डागडुजीसाठी तो बंद होता. थंडी मरणाची, रस्त्यावर चिटपाखरू नाही. लेनी वर बघत होता. बर्निस मनोऱ्याकडे पाठ करून पाय आपटत होती.

"आटप रे! नाक गळून पडेल माझं."

संध्याकाळी चित्र झालं. शेजारची स्टेला भिंग घेऊनच आली.

"खिडक्या बरोबर. पण अगं, गच्चीवर हा कोण? हात हलवतोय बघ!"

"लेन्या, इमारत मागितलीय, जत्रा नाही," बर्निस हसली.

तिने ब्रश घेतला. पांढऱ्या रंगाचा एक ठिपका... माणूस नाहीसा.

सोमवारी मनोऱ्याच्या गच्चीवर एक कामगार गोठून मेलेला सापडला. एमिल त्याचं नाव. त्याच्यामागे दार लागलं, ते बाहेरून उघडेना. रविवार पहाटेपर्यंत जिवंत होता म्हणे.

म्हणजे त्या दोघी हसत होत्या तेव्हा...

बर्निसने चित्रातला तो पांढरा ठिपका नखाने खरवडून पाहिला. एक फोन. नुसता एक फोन केला असता तर!

"लेनी, तू बोलला का नाहीस?"

"काढलं होतं की. तूच पुसलंस."

तिने हे तेव्हा कुणाला सांगितलं नाही. स्टेला यायची बंद झाली.

मग लेनीने रेल्वे स्टेशन काढलं.

छपरावर एक माणूस... हात वर.

मग लायब्ररी काढली. तिथेही तोच.

"मनचं घालू नकोस रे!"

"मी दिसतं तेच काढतो."

या वेळी ब्रश उचलायची तिची छाती झाली नाही.

मार्चमध्ये लेनीने त्यांचंच घर काढलं. छपरावर, पोटमाळ्याच्या दाराबाहेर... तो उभा.

बर्निस धावत वर गेली. कडी काढली, दार सताड उघडलं.

"ये बाबा. चुकलं माझं."

बाहेर कुणीच नव्हतं. वारासुद्धा पडला होता. ती मान खाली घालून जिन्याशी आली.

तेवढ्यात खालची एक पायरी कुरकुरली...

मग तिच्या खालची.

दुसऱ्या दिवशी लेनीने घर पुन्हा काढलं. छप्पर रिकामं! दोन महिन्यांत पहिल्यांदाच बर्निसने मोकळा श्वास घेतला. बिटाचं सूप केलं. लेनीने टेबल मांडलं.

तीन वाट्या.

"तिसरी कुणाला रे?"

"दार तूच उघडलंस ना."

समोरची खुर्ची रिकामी होती. निदान तिला तरी रिकामीच दिसली.

"लेनी... अजून हात हलवतोय का तो?"

"नाही." लेनीने सुपाची वाटी त्या खुर्चीपुढे सरकवली. "आता नुसता तुझ्याकडे बघतोय."

तेव्हापासून तिसरी वाटी बर्निस स्वतः मांडते. त्या खुर्चीकडे पाठ मात्र कधीच करत नाही.