दुसरी हाक

ही गोष्ट खरी आहे. ज्या मुलीच्या बाबतीत घडली, तिनं ती मला तीनदा सांगितली आणि तिन्ही वेळा एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही. खोटं बोलणारा माणूस दर वेळी थोडं मीठ वाढवतो.

जागा सुवा या बेटावरच्या शहरातली, राइवाई वस्तीची एक गल्ली. वार रविवार. वेळ चर्च सुटल्यानंतरची, भर दुपारची. यात रात्र कुठेच नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

आधी त्या मुलीचा, म्हणजे लुसेचा, फायदा काय होता, ते बघू.

लुसे तुवालू बेटांवरून सुवाला शिक्षिका व्हायला आलेली. वसतिगृहात रोज भात आणि डब्यातला मासा. चर्चमधल्या ऊनाइसीला तिची हाडं दिसली आणि तिनं घरातली एक खोली दिली. बदल्यात नारळ खवायचे, भांडी घासायची. एवढ्यावर दोन वेळचं गरम जेवण आणि ‘नाऊ’ म्हणून हाक मारायला एक आई. सौदा लुसेच्या बाजूला झुकलेला होता आणि हे तिला पक्कं ठाऊक होतं.

त्या गल्लीत दार उघडं टाकून जेवतात. समोरून कोणी गेलं की ताटावरून हाक जाते, “या, जेवायला या.”

जाणारा म्हणतो, “जेवलोय मी.”

पहिल्या हाकेला आत येणारा हावरट. मग दुसरी हाक जाते. दुसऱ्या हाकेला मात्र चपला काढायच्या.

लुसे पंधरा दिवसांत तयार झाली. बरोब्बर जेवणाच्या वेळी गल्लीतून रमतगमत निघायची, “जेवलेय मी” म्हणायची आणि एक पाय चपलेतून आधीच मोकळा करून ठेवायची. लिंबाच्या रसात मुरवलेला कच्चा मासा, कोकोंडा, तिला असाच मिळाला. समोरच्या राजमती आंटींकडची, रोटीत गुंडाळलेली फणसाची भाजीही अशीच.

“तुझ्या पोटात दोन पोरी राहतात का गं?” आंटी विचारायच्या.

“दोघीही अभ्यासाला बसतात, आंटी. भूक लागते.”

फक्त ऊनाइसीचं दार जेवताना बंद असायचं. बाई कंजूष असेल म्हणावं, तर तिची पातेली चौघांना पुरतील एवढी. लुसेनं विचारलं नाही. फुकट जेवणाऱ्यानं चौकशा करू नयेत, एवढी अक्कल तिला होती.

ऑगस्टचा तिसरा रविवार...

ऊनाइसी आत भट्टीतली पालुसामीची पुडकी सोडत होती. अळूच्या पानांत मुरलेल्या नारळाच्या दुधाचा वास घरभर पसरला होता. उकडत होतं, म्हणून लुसेनं दार उघडलं आणि चटईवर पानं मांडायला बसली.

गल्लीतून पावलं आली.

चप्... सर्रर्र. चप्... सर्रर्र.

एका चपलेचा पट्टा तुटलेला असावा. लुसेनं वर न बघताच हाक मारली, सवयीनं.

“या, जेवायला या.”

पावलं थांबली.

उत्तर आलं नाही. लुसेनं मान वर केली...

दारात कोणी नव्हतं. गल्लीतही नव्हतं. समोरच्या कुंपणाशी आंटींचा कुत्रा उभा होता. येणाऱ्याजाणाऱ्यावर भुंकणारं ते जनावर रिकाम्या पायरीकडे बघून शेपटी हलवत होतं.

मग पुन्हा... चप्. सर्रर्र. लांब जात गेलं.

“कोणाला बोलावलंस?” ऊनाइसी मागे उभी होती.

“कोणीतरी होतं, नाऊ. दिसलं नाही. चप्पल तुटकी होती. असं एक पाऊल घासत...”

लुसेनं चालून दाखवलं.

ऊनाइसीच्या हातातली पालुसामी खाली पडली. तिनं दार लावलं, कडी घातली आणि त्या दिवशी ती जेवली नाही.

उलगडा राजमती आंटींनी केला, भांडी घासता घासता.

“वीली तो. तिचा एकुलता. तीन वर्षं झाली. संध्याकाळचं चर्च बुडवून पोरांबरोबर मासे धरायला निघाला होता. तिनं आदल्या दिवशीच बजावलेलं, जाऊ नकोस. हा निघालाच. अशाच जेवणाच्या वेळेला दारावरून गेला, तुटकी चप्पल घासत.”

“मग?”

“मग काय? सगळ्या गल्लीला जेवायला बोलावणारी बाई, पोटच्या पोराला हाक मारली नाही तिनं. मान खाली घालून जेवत राहिली. तो थांबला होता गं. मी माझ्या पायरीवरून बघितलं. थांबला, वाट बघितली... गेला. होडी काही परत आली नाही.”

“म्हणून दार बंद?”

“त्याला नाही बोलावलं, तर आता कोणाला कशाला बोलावू, म्हणते.”

पुढच्या रविवारी ऊनाइसीनं स्वतः दार उघडलं. चर्चचे कपडेही बदलले नव्हते. चटईवर तीन पानं मांडली आणि लुसेला दाराशी बसवलं.

“मला ऐकू येत नाही, पोरी. तीन वर्षं कान लावून बसते बंद दाराशी. तुला येतं. आला की सांग.”

गल्ली शांत होती. शेजारच्या घरांतून नुसते वाट्या-चमच्यांचे आवाज.

मग...

चप्... सर्रर्र.

“नाऊ, आला.”

“थांबला?”

“थांबला.”

ऊनाइसीनं तोंड उघडलं. पदर असता तर तोंडात कोंबला असता. तिनं नुसत्या मुठी आवळल्या.

“वीली... ये. जेवायला ये, बाळा.”

आणि लुसेला अगदी स्पष्ट ऐकू आलं. पायरीच्या अलीकडून, तरुण पोराचा आवाज. रागाचा नाही, लोभाचाही नाही. गल्लीतला कोणीही म्हणेल तसा.

“जेवलोय मी.”

“काय म्हणाला?” ऊनाइसीनं लुसेचं मनगट धरलं. “बोलला ना? काय म्हणाला?”

लुसेनं त्या चेहऱ्याकडे बघितलं. तीन वर्षांनी मारलेली पहिली हाक आणि तिला नकार... हे कसं सांगायचं?

“येतो म्हणाला, नाऊ.”

ऊनाइसी हसली. तिचं हसू लुसेनं तोवर बघितलंच नव्हतं. ती उठली, पोराच्या आवडीचा माशाचा डोक्याकडचा तुकडा आणायला आत पळाली.

दाराबाहेर तो उभा होता.

काहीच आवाज नव्हता... पण गेल्याचाही आवाज नव्हता. माणूस दुसऱ्या हाकेसाठी जेवढा थांबतो, तेवढा तो थांबला. मग त्याहून थोडा जास्त.

लुसेच्या ध्यानात आलं तेव्हा तिच्या हातातली वाटी निसटली. गेले चार महिने ती स्वतः हेच उत्तर देऊन जेवत आली होती.

“नाऊ! पुन्हा हाक मार, नाऊ—”

आत भांड्यांचा खणखणाट चालला होता.

चप्... सर्रर्र.

चप्...

ऊनाइसी मासा घेऊन बाहेर आली. “बसला का?”

रिकाम्या पानाकडे बघत लुसे म्हणाली, “बसला.”

त्यानंतर ती पावलं त्या गल्लीत आली नाहीत. ऊनाइसी मात्र दर रविवारी तिसरं पान वाढते आणि विचारते, “जेवतोय ना नीट?” नोव्हेंबरात लुसे शिक्षण संपवून निघाली, तेव्हा बाईनं बंदरावर एकच विचारलं, “आता मला कोण सांगेल गं?”

म्हणून फोन येतो. लुसे आता तुवालूत परत गेलीय, फुनाफुटीला शाळेत शिकवते. रविवारी दुपारी ऊनाइसी तिकडे फोन दाराशी धरते. “ऐक ना. आलाय?”

लुसे ऐकते. वारा असतो. कधी आंटींचा कुत्रा.

“आलाय, नाऊ. जेवतोय.”

गेल्या महिन्यात फोन चालू असतानाच आवाज आला...

चप्... सर्रर्र.

फोनमधून नाही. लुसेच्या स्वतःच्या दाराबाहेरून.

घरातल्या कोणाला ऐकू आला नाही. लुसेनं फोनवर हात ठेवला आणि हाक मारली. “ये, जेवायला ये.” मग दुसरी मारली. मग तिसरी.

उत्तर नाही. पावलंही हलली नाहीत. तिच्या हाकेसाठी तो आलाच नव्हता.

हातातल्या फोनमध्ये ऊनाइसी विचारत होती, “जेवला का गं? पोटभर?”

“पोटभर,” लुसे म्हणाली.

एवढं सांगून ती दर वेळी थांबते. मग जमाखर्च मांडते, शिक्षिका आहे ना. तिला सुवात खोली मिळाली, आई मिळाली, घरोघरची चव मिळाली. ऊनाइसीला दर रविवारी एक भरलेलं पान उचलून ठेवावं लागतं. वीली दोन घरांच्या पायऱ्यांवर उपाशी उभा राहिला.

“मी त्या गल्लीत सगळ्यांचं खाल्लं,” ती म्हणते. “त्याची दुसरी हाकही मीच खाल्ली.”